ऑप्रेसिव्ह

साहेब म्हैसूरकडचे, त्यांना मराठी कळत नसे. म्हणून कचेरीच्या व्हरांड्यातला टायपिस्ट लोकांचे अर्ज इंग्रजीत करून द्यायचा, आणि अंगठा घेण्याआधी अवघड शब्दांचा अर्थ सांगायचा.

एकदा बौद्ध वस्तीतल्या बायका आल्या. गावानं त्यांना विहीर बंद केली होती. त्यानं ‘ऑप्रेसिव्ह’ लिहिलं.

“म्हंजी काय, अण्णा?”

“उन्हाला बी म्हणतेत, राज्याला बी. जीव कोंडून टाकणारं.”

तो शब्द काढायला सांग म्हणून साहेबांनी मला, त्यांच्या कारकुनाला, बाहेर पाठवलं.

“आधी विहीर उघडा म्हणावं,” तो म्हणाला, “मग काढतो.”

दुसऱ्या दिवशी हुकमानं त्याचं टेबल मीच उचलून रस्त्यावर ठेवलं. तो तिथंच, कचेरीच्या दारासमोर, रोज अर्ज टाइप करत बसू लागला.

विहीर उघडली नाही. मी मात्र मागच्या दारानं कचेरीत जाऊ लागलो.