बिनरांगोळीचं सारवण

आमच्या गावानं मातीच्या भिंती पाडून सिमेंटची घरकुलं बांधली. मग पुण्याहून श्रेया मॅडम आल्या आणि तसल्याच मातीच्या भिंती त्यांनी फर्दापूरच्या अलीकडं माळावर पुन्हा उभ्या केल्या. आठ खोल्या. जमिनीवर घोंगडी, पलंगावर हिमरूच्या उशा, कोपऱ्यात कुणीच न दळणारं जातं. मॅडम त्याला रिट्रीट म्हणतात, गाव रिसॉर्ट म्हणतं. मी काकासाहेब, तिथला मॅनेजर. समोर कोण आहे ते बघून दोन्ही म्हणतो.

खोल्या झाल्या, पण सारवायला बाई मिळेना. घरोघरी फरशी, आता शेणात हात कोण घालणार? शेवटी पुतळाबाई सापडल्या. धनगराच्या, साठी ओलांडलेल्या. नवरा केरबा जन्मभर मेंढरांमागं हिंडला आणि पाच वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. मेंढरं विकली. मुलगा बिभीषण वाळूजच्या कंपनीत. त्याच्या दोन खोल्यांत आईला जागा होती, पण तिथं त्यांना करमेना. गावातल्या घरकुलात एकट्या राहायच्या.

“घरात फरशी हाय साहेब,” पहिल्याच दिवशी म्हणाल्या. “फडकं फिरवलं की झालं. मंग दिसभर ह्या हातांनी करायचं काय?”

मंगळवारी आणि शुक्रवारी त्या चालत यायच्या. शेण स्वतः कालवायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मग गुडघ्यांवर बसून, मागं मागं सरकत, जमिनीवर हाताच्या कमानी उमटवत दारापर्यंत यायच्या. आणि हे चालू असताना अखंड बोलायच्या. खोलीत कुणीच नसायचं. एकदा मी दाराशी थांबून ऐकलं, तर केरबाला सांगत होत्या, की इथलं शेण जर्सी गाईचं आहे, त्याला काही चिकटा नाही. मला आधी हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं. या बाईला मोकळेपणानं बोलायला जगात एवढी एकच जागा उरली होती, आणि ती मॅडमच्या मर्जीवर होती.

खोली सारवून झाली की त्या दाराशी रांगोळीची चार बोटं ओढायच्या. मॅडमना ते खपेना. “काकासाहेब, फोटोत ते पांढरं डोळ्यात खुपतं. मला नुसती माती हवीय.”

मी निरोप पोचवला. पुतळाबाईंनी कपाळावर हात मारला. “रांगोळीबिगर सारवण मयत उचलल्यावर करत्यात साहेब. नांदत्या घरात नाय.”

“मावशी, हे घर कुठंय? हॉटेल आहे.”

“मान्सं निजत्यात ना हितं? मंग घरच की.”

शेवटी मी तोड काढली. दाराच्या मागं, फोटोत येणार नाही अशा जागी, एकच ठिपका. स्वतःच्या हुशारीवर मी चांगलाच खूश होतो. पाच महिने हा कारभार बिनबोभाट चालला.

मग पाहुण्यांनी शेणाच्या वासाची तक्रार केली. मॅडमनी ठरवलं, एकदा शेवटचं सारवून घ्यायचं आणि वाळलं की वरून पारदर्शक पॉलिश मारायचं. बोटं तशीच दिसणार, वास नाही, पुन्हा सारवायची भानगड नाही. चिकलठाण्याहून पॉलिशवाले येणार होते. पुतळाबाईंना सांगायचं काम अर्थात माझ्या गळ्यात.

मी पडलो भित्रा. म्हटलं, “मावशी, या वेळी आठही खोल्या लागोपाठ करा. बोटं झकास उठू द्या. आता ती मोडायची नाहीत.”

त्यांना ते कौतुक वाटलं. “म्हंजी कायमची?”

“व्हय.”

“मंग पुढल्या शुक्रवारी वो?”

मी माझ्या चपलांकडं बघत राहिलो. त्यांना कळलं.

दोन दिवस त्या सारवत होत्या. तोंडातून शब्द नाही, केरबाशीसुद्धा नाही. ते गप्प राहणं मलाच सोसेना. शेवटच्या खोलीतून त्या मागं सरकत दाराबाहेर आल्या, तेव्हा मीच रांगोळीची वाटी पुढं केली. “ओढा मावशी. मॅडमचं मी बघतो.”

त्यांनी वाटी बाजूला सारली. “ऱ्हाऊ द्या. आज बिनरांगोळीचंच बराबर हाय.”

पुढल्या शुक्रवारी त्या तरीही आल्या. धुतलेलं लुगडं, हात कोरडे. “घरी मन लागंना,” एवढंच म्हणाल्या. मी चहा सांगितला. पायरीवर बसून त्या फुंकर घालत चहा पीत होत्या, तेवढ्यात पाहुण्यांचं एक जोडपं खोलीतून बाहेर आलं. त्यातल्या बाई जमिनीवर भलत्याच खूश होत्या.

“किती सुंदर कमानी! कुणी केलंय हे?”

मी हॉटेलातल्या ठरलेल्या अदबीनं म्हणालो, “इथल्याच एक बाई होत्या.”

होत्या. तोंडातून निघून गेलं. आणि पुतळाबाई माझ्यापासून चार हातांवर बसलेल्या.

पुतळाबाईंनी अर्धा कप खाली ठेवला, पदर सावरला, पाहुण्यांकडं बघून थोडं हसल्याही. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “येते मी.”

त्यावर ‘या’ म्हणायचं असतं. मला ते म्हणवलं नाही. त्यांनी यावं असं तिथं आम्ही काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.