ओटीतले पेरू

पेरू हे काही जिवावर उदार होऊन खायचं फळ नव्हे. पण त्या वर्षी मला पेरूचं असं वेड लागलं होतं की आज कुणाला सांगितलं तर हसतील. मुलगा पाच महिन्यांचा होता आणि सासूबाईंनी पहिल्या दिवसापासून बजावून ठेवलं होतं की मूल अंगावर पितं आहे तोवर पेरूला हात लावायचा नाही. पेरू थंड, आईनं खाल्ला की दुधातून बाळाला बाधतो, छाती भरते, असं त्यांचं ठाम म्हणणं. आम्ही मूळचे माण तालुक्यातले, कोरड्या मुलखातले. तिकडे पेरू बाजाराच्या दिवशी दिसला तर दिसला. आणि इथं चिंचवडला आमच्या दारावरून रोज करंड्या भरभरून स्टेशनकडे जायच्या. वासानं जीव नुसता कासावीस व्हायचा.

आमचे हे पिंपरीला नव्यानं उभ्या राहिलेल्या कारखान्यात फिटर होते. चिंचवडात खोल्यांची एक ओळ होती, त्यातली एक आमची आणि तिला लागून सायकली दुरुस्त करणाऱ्या एका मुसलमान कुटुंबाची. त्याच्या बायकोला मी भाभी म्हणत असे. तिचं धाकटं पोर दीड वर्षाचं, तेही अजून अंगावर पिणारं. तरी ती माझ्यासमोर उंबऱ्यात बसून तिखटमीठ लावून पेरू खायची.

"अगं, खा की," म्हणायची. "काय हुत न्हाई. माझ्या पोराकडं बघ."

पोर खरंच दणकट होतं. मला तिचा हेवा वाटायचा आणि तिचा रागही यायचा. सासूबाई तिच्या हातचं पाणी घेत नसत, तेव्हा तिच्या हातचा पेरू मी घेणं तर लांबच राहिलं.

श्रावण सरता सरता सासूबाई गावी गेल्या, आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी हळूच विचारलं, "नदीपलीकडे निघोजे गावाला पेरूच्या बागेत येतेस का? झाडाचे तोडून खायचे." त्या बागेचा रिवाज असा, की आत बसून पोटात मावतील तेवढे फुकट खा आणि घरी न्यायचे ते विकत घ्या. ह्यांना तिथल्या कुणीतरी हे सांगितलं होतं. मी एका पायावर तयार झाले. पण बागेला जायचं म्हणजे इंद्रायणी चालत ओलांडायची, वर पावसाळी हवा. मुलाला कुठं नेणार? भाभी म्हणाली, "माझ्याकडं ठिव आन् निवांत जा." मी त्याला पोटभर पाजलं, दूध पाजायचं चोचीचं बोंडलं आणि गायीचं दूध तिच्याकडे दिलं आणि दुपारच्या आत येते म्हणून सांगितलं. बोंडल्यानं पिण्याची त्याला सवय नव्हती. घातलं तोंडात की तो थू करून बाहेर काढायचा. पण दुपारपर्यंत त्याची गरजच पडणार नव्हती.

चिखलीपर्यंत सायकलवर डबलसीट गेलो. सायकल तिथं एकांच्या गोठ्यात लावली आणि उतारावर पाण्यात शिरलो. पाणी जेमतेम गुडघ्याएवढं. पण आमच्याकडे नदी म्हणजे वाळू, त्यामुळे मला त्या वाहत्या पाण्याचीही धडकी भरली होती. ह्यांचा दंड मी असा धरला होता की पलीकडे गेल्यावर त्यांनी बाही वर करून माझ्या बोटांचे वळ दाखवले आणि हसले.

बाग मात्र डोळे निवावेत अशी होती. ठेंगणी झाडं, फांद्या जमिनीला टेकलेल्या. राखण करणाऱ्या म्हातारीनं, म्हणजे बागवाल्याच्या आईनं, आम्हाला आत सोडलं आणि "राघूनं टोचल्यालं आदी खा, त्येच ग्वाड अस्त्यात," एवढं सांगून ती आपल्या कामाला लागली. मी हावरटासारखी खात सुटले. तोडायचा, पदराला पुसायचा आणि खायचा. ह्यांनी एकदा विचारलंसुद्धा, "आईनं नको सांगितलं होतं ना?" मी म्हटलं, "आई गावाला गेल्यात." किती महिन्यांनी मी अशी मोठ्यानं हसले असेन. लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असं कुठं गेलोच नव्हतो.

परत निघायच्या बेतात होतो तेव्हा नदीकडून हाका आल्या, "पाणी आलं! पाणी आलं!"

आमच्या डोक्यावर पावसाचा थेंब नव्हता. वर मावळात कोसळत असणार. काठावर पोचलो तर सकाळी आम्ही चालत आलो ती जागाच दिसेना. गढूळ पाणी काठाला घासत चाललेलं, त्यात काटक्या, कडब्याच्या पेंढ्या, फेस. पलीकडची चिखलीची घरं मात्र तशीच स्वच्छ दिसत होती, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

"उतरेल," हे म्हणाले.

"कधी?"

"उतरेल गं. पावसाळ्यात असं होतंच."

म्हातारी मागून आली होती. ती म्हणाली, "आज न्हाई उतरायचं. उद्या सकाळच्याला बगा." नाशिक रस्त्याच्या पुलावरून वळसा घालून जावं, तर मधला ओढाही भरला होता. ह्यांनी लगेच मान डोलावली, "मग राहू इथंच, काय करणार." त्या क्षणी मला ह्यांना नदीत ढकलून द्यावंसं वाटलं. ह्यांचं काय जात होतं? ह्यांच्या अंगावर कोण पीत होतं?

दुपार टळली. भूक लागली की मुलगा कसा रडतो ते मला पाठ होतं. आधी कुरकुर, मग हातपाय झाडणं, मग श्वास धरून निळं पडेपर्यंत टाहो. आता कुरकुर संपली असेल, आता टाहो चालला असेल, असं मी मनातल्या मनात त्याच्याबरोबर चालले होते. तेवढ्यात म्हातारीच्या खोपटामागे शेळीचं करडू ओरडलं आणि मला भरभरून पान्हा फुटला. चोळी भिजली, पदर भिजला. छाती दगडासारखी झाली होती, हात लावू देईना. म्हातारीनं पाहिलं आणि मला हाताला धरून झाडांच्या आड नेलं. "पिळून टाक, न्हाईतर ताप भरंल. पर बुंध्याला सोड, वर माती सार. मुंग्या लागल्या तर दूद आटतं." मी त्या पेरूच्या बुंध्याशी बसले आणि माझ्या लेकराचं दूध मातीत सोडत राहिले. रडू आवरेना. पलीकडे ते उपाशी आणि इथं हे झाड पितंय, हे मला बघवेना.

परत काठावर आले तर तिथं वेगळीच गडबड सुरू होती. म्हातारीचा मुलगा आणि दोन पोहणारे गडी एक काहील ओढत आणत होते. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती भली थोरली लोखंडी कढई, जिच्यात चार माणसं बसतील. तोडलेला पेरू उद्यापर्यंत मऊ पडला असता, म्हणून पूर आला की हे लोक करंड्या काहिलीत घालून पलीकडे नेत. दोघं पोहत ती ढकलत न्यायचे. पलीकडे बैलगाडी थांबलेली असायची, ती माल घेऊन चिंचवड स्टेशन गाठायची.

चिंचवड हा शब्द कानावर पडला आणि मी पुढे झाले. "मला न्या ह्यातून."

"येडी झालीस का?" हे ओरडले.

थोरला गडी माझ्याकडे न बघताच म्हणाला, "माणूस घेत न्हाई आमी, वैनी. करंड्या बुडल्या तर पेरू बुडत्यात. माणूस बुडल्यावर काय सांगायचं?"

"माझं पोर सकाळपासून उपाशी आहे."

"कुनाजवळ हाय की न्हाई?"

"आहे. पण ते अंगावर पितं."

म्हातारीचा मुलगा म्हणाला, बाई घ्यायची तर करंड्या कमी कराव्या लागतील, आणि आधीच माल नरम पडलाय. तेव्हा म्हातारी पुढे आली आणि मुलावर खेकसली, "तिचा पदर बग की रं!" तिघांनी पाहिलं आणि तिघांनी एकदमच माना फिरवल्या. थोरल्या गड्यानं वाकून दोन करंड्या उतरवून खाली ठेवल्या.

ह्यांनी माझा हात धरला. "तुला पाणी बघून घेरी येते."

"येऊ दे."

"मी येतो तुझ्याबरोबर."

"दोघं न्हाई जमायचं," गडी म्हणाला. ह्यांना पोहता येत नव्हतं. ह्यांनी हात सोडला तेव्हा ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि दिवसभरात पहिल्यांदा मला ह्यांची कीव आली. म्हातारीनं माझा ओचा पुढे घेतला आणि त्यात पाच पिवळेधमक पेरू घातले. लेकुरवाळी बाई दारातून रिकाम्या ओटीनं जायची नाही, म्हणाली. मी ओटी घट्ट खोचली आणि काहिलीत बसले.

"मधी बसायचं. हलायचं न्हाई. काय बी झालं तरी हुबं ऱ्हायचं न्हाई," थोरल्यानं बजावलं.

काठ सुटला तशी काहील गरगर फिरायला लागली. कधी चिखली समोर यायची, कधी हे. ह्यांनी दोन्ही हात डोक्यावर धरले होते. तळाच्या लोखंडाला गुळाचा वास होता, त्यात पेरूंचा वास. पाणी माझ्या कोपराशी होतं, हात सोडला तर लागेल एवढं जवळ. गडी दोन्ही बाजूंनी काहील रेटत होते. त्यांची फक्त डोकी दिसायची आणि त्यांच्या धापा ऐकू यायच्या. मी डोळे मिटून मुलाचं नाव घेत होते. देवाचं घ्यायचं सुचलंच नाही.

मध्यावर असताना धाकटा किंचाळला. वरून एक अख्खी बाभूळ वाहत येत होती, मुळासकट. ते दोघं काहील बाजूला खेचत होते, पण एका फांदीनं धडक दिलीच. काहील कलली, करंड्या एका अंगाला घसरल्या आणि कडेवरून भसकन पाणी आत आलं. माझ्या मांड्या पाण्यात. मी उठणार होते. अगदी उठलेच होते.

"बस! करंडी टाक! त्या अंगाची टाक!" थोरला ओरडला.

मी बसले. बसल्या बसल्या दोन्ही हातांनी करंडी उचलून कडेवर आणली आणि ढकलली. मग दुसरी. काहील सरळ झाली. पेरू पाण्यावर सगळीकडे पसरले आणि आमच्या पुढे वाहत निघाले. बाभळीचा काटा माझ्या दंडात मोडला होता, ते मला चिंचवडला आल्यावर कळलं. ओंजळीनं पाणी उपसत उपसत मी पलीकडे पोचले. उतारापासून आम्ही पार खाली वाहत आलो होतो. त्या दोघांनी मला चिखलातून वर काढलं आणि स्वतः तिथंच आडवे झाले. आभार मानायचेही राहून गेले. गाडीवाला हाका मारत होता.

चिंचवडात शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गाडी थांबायच्या आत मी उडी टाकली आणि ओल्या लुगड्यानं धावत सुटले. आमच्या ओळीत शांतता होती. रडण्याचा आवाज नव्हता. उपाशी मूल रडून रडून शेवटी गप्प होतं, असं मी कुणाकडून तरी ऐकलं होतं.

भाभीचं दार उघडं होतं. चुलीपाशी ती मुलाला मांडीवर घेऊन बसली होती आणि तो झोपला होता. मी त्याला ओढूनच घेतलं आणि तिथंच बसून छातीशी लावलं. त्यानं डोळे किलकिले केले, एकदा ओठ लावले आणि तोंड फिरवलं. पोट गच्च भरलेलं होतं त्याचं. बोंडलं कडेला तसंच भरलेलं, त्यातल्या दुधावर साय धरलेली.

मी भाभीकडे पाहिलं. ती डोक्यावरचा पदर सारखा करत उभी राहिली होती, ओरडा खायची तयारी असल्यासारखी.

"बोंडल्यानं घेईना गं," ती म्हणाली. "लई रडला. निळा पडाया लागला. मग मीच... तुझ्या सासूला सांगू नगंस."

खरं सांगते, आधी मला रागच आला. एवढी नदी ओलांडून मी ज्याच्यासाठी आले, त्याला माझी गरजच उरली नव्हती. मग तो राग कुठं गेला कळलं नाही आणि मी हमसाहमशी रडायला लागले. भाभी शेजारी बसली. मी ओटी सोडली. पाचही पेरू शाबूत होते. त्यातला सगळ्यात पिवळा मी तिच्या हातात दिला.

तिनं तो नाकाशी धरला, वास घेतला आणि परत माझ्या ओटीत टाकला.

"खा की भाभी," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणता ना, काही होत नाही."

"माझ्या पोराला काय हुत न्हाई," ती म्हणाली. "पर ह्यो पोरगा तुझा हाय. रातचं परत उठला आन् भ्यालेल्या अंगाला तुझा पान्हा आला न्हाई तर? मलाच पाजाया लागंल. मंग त्याला बाधलं तर?"

दिवसभर पोटभर पेरू खाऊन मी आले होते. भाभीनं माझ्या ओटीतले पाचही पेरू काढून घेतले, बाहेर गेली आणि आपल्या शेळीपुढे टाकले. "आता तू बी न्हाई आन् मी बी न्हाई," म्हणाली, आणि दार लोटून घेऊन माझ्या दंडातला काटा काढायला बसली.