पैलवान, राणीसाहेब आणि चेंडूवाल्या काकू

काकूंच्या दुकानात चेंडू घ्यायला गेलं की आधी उलटतपासणी व्हायची. "कुत्रं केवढं? चावून तुकडे करतं की नुसतं तोंडात धरून पळतं?" कोणी "चांगला मोठा आहे, काळा आहे" एवढंच सांगितलं, की काकू म्हणायच्या, "रंग राहू द्या हो, जबडा सांगा!"

आधी त्या अशा नव्हत्या. खेळण्यांच्या दुकानात कोपऱ्यातलं एक फडताळ प्राण्यांसाठी होतं आणि गिऱ्हाईक मागेल ते त्या काढून द्यायच्या. मग एके दिवशी त्यांच्या घरच्या कुत्र्याने, धिप्पाड पैलवानाने, भाचीचा छोटा रबरी चेंडू हवेतच झेलला आणि तो थेट घशात जाऊन बसला. पैलवानाचे डोळे पांढरे झाले. भाचीने भोकाड पसरलं. काकूंनी बाह्या सरसावल्या, कुत्र्याला मांड्यांत आवळलं आणि गळ्याला बाहेरून अंगठे लावून चेंडू वर रेटला. तो टुणकन उडून धुण्याच्या बादलीत पडला. पैलवान शेपटी हलवत बादलीकडे निघाला, आणि काकूंना तिथेच खाली बसून रडू फुटलं.

तेव्हापासून कुठलाही चेंडू त्यांच्या परीक्षेत उतरल्याशिवाय फडताळात गेला नाही. नख रुतवून बघायचं, वास घ्यायचा, पायाखाली दाबायचा. घशात जाईल इतका लहान नको. लव असलेला नको, ती दातांना कानशीसारखी घासते. पोकळ असेल तर भोकं दोन हवीत, एकाच भोकात जीभ ओढली जाऊन अडकते. नणंद एकदा म्हणालीच, "वहिनी, चेंडू निवडताय की जावई?"

"जावई कोणाच्या घशात अडकत नाही," काकू म्हणाल्या.

अशात एक दिवस घोडेस्वारी शिकवणारे मास्तर दुकानात आले. त्यांच्या म्हाताऱ्या घोडीवर, राणीसाहेबांवर, बसणं आता बंद झालं होतं. काम नाही म्हणून ती दिवसभर फाटकाचं लाकूड कुरतडत बसायची. "तिच्यासाठी आहे का काही?"

"घोड्यातलं मला ओ की ठो कळत नाही," काकू म्हणाल्या, "पण चला, बघू तरी."

पहिला नेला तो साधा फुटबॉल. राणीसाहेबांनी दात लावले, फाट्‌! आवाजाने दचकून घोडी कुंपणाच्या एका टोकाला, मास्तर दुसऱ्या टोकाला. तिने गिळू नये म्हणून काकू आणि मास्तरांनी गवतात ओणवं होऊन एकेक तुकडा वेचला. दुसऱ्या चेंडूला कडी होती. घोडीने ती दातात धरून असा काही झोका दिला, की चेंडू मास्तरांच्या पोटावर बसला. मास्तर खूश होते, पण काकूंचं लक्ष कडीवर होतं. "यात खूर अडकला तर?" असं म्हणत त्यांनी तो उचलून गाडीत टाकला.

तिसरा कमरेएवढा होता, जाड कापडी खोळीचा, दात रुतायला जागाच नसलेला. त्याला पाहून राणीसाहेब फुरफुरल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

"गेलं हे पण फुकट," मास्तर म्हणाले.

"नव्या पाहुण्याच्या गळ्यात कोणी लगेच पडतं का?" काकूंनी चेंडू उसळू नये म्हणून थोडी हवा सोडली, तो कुंपणापाशी ठेवला आणि त्याच्याकडे ढुंकूनही न बघता मास्तरांशी गप्पा मारत बसल्या.

बऱ्याच वेळाने मागून हलकं फुरफुरणं ऐकू आलं. घोडीने चेंडूला नाक लावलं. तो सरकला. तिचे कान ताठ झाले. पुन्हा ढकलला, मग त्याच्यामागे दुडकी चाल धरली, आणि शेवटी चेंडू थेट काकूंच्या अंगावर आला. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा चेंडूला लाथ मारली. तो तिरका गेला, पण राणीसाहेबांनी तो मान वळवून परत आणला.

"मास्तर, बघता काय? तिकडून अडवा ना!" काकू ओरडल्या.

आता दर रविवारी दुकान दुपारीच बंद होतं. काकू, मास्तर आणि घोडी ऊन उतरेपर्यंत खेळतात. मग मास्तर खोळीची शिवण तपासून चेंडू आत नेतात आणि काकू धापा टाकत, केसांतलं गवत झटकत घरी जातात. नणंद विचारते, "आज कोण जिंकलं?"

"तीच," काकू म्हणतात. "चार पायांनी खेळते, लबाड!"