आपल्या माणसावर ओरडायचं कसं

माझ्या थोरल्या नणंदेला सगळा डोंगरपट्टा 'भोंगाताई' म्हणायचा. पोटापाण्यासाठी त्या शिवणवर्ग चालवायच्या, आणि मुलींना काजं करायला शिकवता शिकवता घोषणाही शिकवायच्या. 'आमचा कारभार आमच्या हाती' ही त्यांचीच. राज्याचा कुठलाही साहेब गाडीतून उतरला की वन्सं पुढे आणि आम्ही मागे. रस्ता खचला, औषधं संपली, मास्तर फिरकला नाही, सगळ्याचं खापर वरच्यांच्या माथी. खोटं कशाला बोलू, त्यात मजाही होती. घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि घरी येऊन निवांत झोपायचं.

मग खरोखरच आमची स्वायत्त परिषद झाली. वन्सं निवडून आल्या आणि आरोग्यखातं त्यांच्या गळ्यात पडलं. दवाखाने राज्याकडून परिषदेकडे आले, पैसा मात्र वाटेतच कुठेतरी राहिला. वन्सं राज्याच्या राजधानीत गेल्या, तर 'हा विषय आता तुमचा' असं ऐकून परतल्या. केंद्राचं दार ठोठावलं, तर 'राज्यामार्फत या'. दारोदार फिरून त्यांच्या चपला झिजल्या. शेवटी परिषदेसमोर ठराव आला, आमच्या वरच्या गावातली बाळंतपणाची खोली बंद करण्याचा.

तिथली परिचारिका मी. दोन खाटा, एक टेबल, पाणी तापवायची शेगडी, एवढाच पसारा. पण ती खोली गेली तर कळा सुरू झालेल्या बाईला घाटातून खालच्या शहरात न्यायचं, म्हणजे जिवाशी खेळ. मी वन्संशी बोलणंच टाकलं.

सभेच्या आदल्या दिवशी त्या स्वतःच माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

"माझा राग आलाय ना, वहिनी? मग तो उद्या काढ. परिषदेसमोर माणसं जमव आणि माझ्या नावानं शंख करा."

"तुमच्या नावानं?"

"मग कोणाच्या? बाकीचे सभासद म्हणतात, लोकांची तर काहीच तक्रार नाही. बाहेर गोंधळ झाला तरच मला आत म्हणता येईल की रस्त्याचा पैसा इकडे वळवा. नुसतं माझं कोण ऐकतंय!"

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव परिषदेच्या अंगणात लोटलं. वन्संनी वरच्या मजल्यावरची खिडकी मुद्दाम सताड उघडली. आणि सगळे चिडीचूप.

मी घोषणा दिली, "आरोग्यखातं, राजीनामा द्या!" शेजारणीनं माझा हात ओढला.

"अगं, आपली भोंगाताई ती. तिचा पाणउतारा करायचा? तिला काय हौस आहे?"

"त्यांनीच सांगितलंय ओरडायला!"

हे बोलायला नको होतं. "बघा, केवढं मोठं मन," असं म्हणत बायकांनी डोळेच पुसले. मी एकटीच ओरडत राहिले. लोकांना ते नणंद-भावजयीचं भांडण वाटलं, दोघे-तिघे तर हसलेही. साहेबांना शिव्या घालणारी हीच तोंडं. मला संताप आला, सगळ्यांचाच. आमचा कारभार आमच्या हाती आला होता आणि आमचीच वाचा गेली होती.

आत ठराव मंजूर झाला. विरोधात एकच हात वर गेला, वन्संचा.

त्या खाली आल्या तेव्हा माणसांनी अदबीनं वाट करून दिली. एक सासू पुढे झाली. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते. म्हातारीनं वन्संचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"किती वाळलीस गं पोरी! तू तरी काय करणार?"

आजवर कुठल्या साहेबाला असं कोणी म्हटलं नव्हतं.

"ओरडा हो माझ्यावर," वन्सं म्हणाल्या. आवाज फुटत नव्हता. "कुणीतरी ओरडा."

म्हातारीनं त्यांना पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवला. वन्सं तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडल्या, आणि त्यांना रडताना बघून सगळं गाव हळहळलं.

सून तेवढी बाजूला उभी होती. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ती माझ्याजवळ आली.

"मग आता मी कुठे यायचं?" तिनं विचारलं.