ॲरनच्या डोंगरावर मागितलेलं घर

बोटीतून ॲरन बेट दिसलं तसं मी म्हणाले, "अरे, हा तर आपला म्हैसमाळचा डोंगर! कुणी आणून ठेवला समुद्रात?" निखिल हसला. पाच वर्षांनी लेकाला बघत होते. तो स्कॉटलंडच्या या बेटावर शाळेत शिकवतो. गारखेड्याहून निघताना बॅगेत ठेचा होता आणि मनात एकच प्रश्न, हा परत कधी येणार? घराचा वरचा मजला मी त्याच्यासाठी रिकामा ठेवलाय. भाडेकरूंना सरळ नाही म्हणते.

पहिल्या दिवशी किनाऱ्यानं चाललो. खडकांवर सील लोळत होते आणि वारा पदर जागेवर राहू देईना. एका फाटकाशी मेंढ्या राखणारी म्हातारी भेटली. निखिलला नावानं हाक मारून तिनं आम्हाला घरी नेलं, स्कोन (जाडसर गोड पाव) दिले. त्यावर चिरंजिवांनी ठेचा लावला!

"तुमच्या मुलानं बर्फातून माझ्या मेंढ्या काढल्या," ती मला म्हणाली. अभिमान वाटला, आणि मनात आलं, हा तर इथलाच झालाय.

दुसऱ्या दिवशी डोंगर. वाटेत पीटच्या (कुजक्या गवताची काळी माती) चिखलात माझा बूट रुतला.

"हळू, आई!"

"काळ्या रानातली हाय मी. चिखलाला भिते व्हय?"

माथ्यावर केर्न (वाटसरूंनी रचलेला दगडांचा ढीग) होता. येणारा प्रत्येकजण त्यावर दगड ठेवत होता. मला वाटलं, आपल्या देवीच्या डोंगरासारखंच, दगडावर दगड रचून घर मागायचं. मी बाजूला बसले, चार दगड रचले, हात जोडले.

"आई, ही नुसती वाटेची खूण असते गं," निखिल म्हणाला. पण मग तोही शेजारी बसून दगड रचायला लागला. मला केवढा आनंद झाला!

"कुठलं घर मागितलंस रे?"

त्यानं खाली बोट दाखवलं. "ते खाडीजवळचं पांढरं. घेतोय मी, आई. तुला समोर बसून सांगायचं होतं."

मी डोळे पुसले. "लई वारं हाय इथं," म्हणाले. मला लेक घरी हवा होता. अजूनही हवाय.

तेवढ्यात त्याच्या घराचा वरचा दगड घरंगळून दरीत गेला. तो दुसरा शोधू लागला. मी माझ्या घरातला चपटा दगड काढला आणि त्याच्या घरावर नीट बसवला.

परत येऊन आठवडा झाला. आज वरचा मजला झाडला, खिडक्या उघडल्या. तिथून आमच्या शहराकडेचा साताऱ्याचा डोंगर दिसतो, समुद्र काही दिसत नाही. उद्या भाडेकरू जागा बघायला येणार आहेत.