सभा झाली कुठं, असं विचारणाऱ्या रजियाआपा

आपांना मी पहिल्यांदा पाहिलं ते भांडताना. मी नगरपालिकेत वसुली कारकून म्हणून नुकताच लागलो होतो. शेजारच्या टेबलावर आपा जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहत असत. एक नगरसेवक नातवाची जन्मतारीख बदलून घ्यायला आले. शाळेला सोयीची म्हणून एक जून लिहा, म्हणाले. आपांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "साहेब, लेकरू जन्मलं तवा जन्मलं. त्येनं आपल्याला ईचारलं न्हाई." अर्ध्या कचेरीचा वाढदिवस एक जूनलाच यायचा, माझाही. त्यामुळे हसावं की मान खाली घालावी, आम्हाला कळेना. पुढं आपांची बदली सफाई विभागाच्या हजेरीवर झाली. तिथं न आलेल्यांची हजेरी त्या लावीनात, तेव्हा तिथल्याच मुकादमांनी खटपट करून त्यांना परत टेबलावर धाडलं.

आता या गौरव-अंकाविषयी. आपा पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या, तेव्हा चार गोड शब्द लिहा, असा निरोप आमच्या पेन्शनर संघटनेच्या अध्यक्षांनी पाठवला. आपांविषयी गोड लिहायला मला काही जड नाही. पण मी संतापलेलो आहे, आणि का, ते लिहिल्याशिवाय मला हा लेख पुरा करता येणार नाही. गावाचं नाव घालत नाही. लातूर जिल्ह्यातली नगरपालिका, एवढं पुरे. ज्यांना समजायचं त्यांना समजेलच.

आमच्या पगारातून दरमहा कापलेले पैसे आणि नगरपालिकेचा हिस्सा मिळून आमचा पेन्शन निधी झाला. तो बँकेत ठेव म्हणून आहे. त्याच्यावर लक्ष ठेवायला समिती आहे: मुख्याधिकारी, लेखापाल, एक नगरसेवक आणि पेन्शनरांचा एक प्रतिनिधी. दर तीन महिन्यांनी सभा घ्यायची, असा नियम. प्रत्यक्षात सभा व्हायचीच नाही. सभेचं इतिवृत्त लेखापाल बसून लिहायचे आणि शिपाई ते घरोघर फिरवून सह्या आणायचा. आमचे आधीचे प्रतिनिधी ओसरीवर दाढी करता करता सही करत. ही आमच्याकडची रीतच पडून गेली होती, आणि आम्ही तिला सोय म्हणत होतो.

मग प्रतिनिधी व्हायला कुणी राजी होईना, म्हणून निवृत्त झालेल्या आपांना केलं. शिपाई पहिल्यांदा त्यांच्या दारात गेला तेव्हा आपांनी कागद हातात घेतला आणि वाचायला बसल्या. त्यात लिहिलं होतं की, निधीतली एक ठेव मोडून नगरपालिकेला तात्पुरती उसनी द्यावी, हमरस्त्यावर स्वागत कमान बांधायची आहे. आपांनी विचारलं, "सभा झाली कुठं? मला तर कुणी चहाबी पाजला न्हाई." शिपाई म्हणाला, "आपा, तसं नसतंय. सगळे करायलेत सही." आपा म्हणाल्या, "मग त्यांच्याकडंच जा."

त्या महिन्यात आमची पेन्शन झाली नाही. कचेरीतून आवई उठवली: आपांनी सही अडवली म्हणून पैसे अडले. साफ खोटं होतं. ठेवीचा आणि त्या महिन्याच्या पेन्शन-बिलाचा काडीचा संबंध नव्हता. पण आमची जमात कशी, साहेबाला विचारायची छाती नाही आणि बाईच्या दारात जाऊन बोंबलायला मात्र सगळे पुढं. जन्मभर नळाला पाणी सोडणारे आमचे मारोतराव त्यांच्या दारात उभं राहून म्हणाले, "आपा, सही करून मोकळ्या व्हा. माझ्या बीपीच्या गोळ्या संपल्यात." आपांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि लेकाला मेडिकलवर धाडून गोळ्या आणवल्या. अहो, त्या महिन्यात पेन्शन आपांचीही झाली नव्हती. एवढंच म्हणाल्या, "मारोतराव, सही केली तर आज तुमच्या गोळ्या येतेल. ठेव संपल्यावर कुणाच्या दारात जायचं, ते सांगा."

दुसऱ्या दिवशी मारोतरावच आम्हा सगळ्यांना गोळा करून कचेरीत घेऊन गेले. मुख्याधिकाऱ्यांना सभा लावावी लागली. आम्ही दारात दाटीवाटीनं उभे होतो. आपा म्हणाल्या, "साहेब, आम्ही दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो. जिते हाव, हे तुम्हाला दाखवतो. या समितीचा हयातीचा दाखला कुठाय?" लेखापाल खिडकीतून बाहेर बघू लागले. ठेव मोडली गेली नाही. आठवडाभरात पेन्शनही जमा झाली. कमानीचे दोन खांब तेवढे उभे आहेत, त्यांच्यावर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक लागतात.

पुढं आपा लेकासोबत नांदेडला राहायला गेल्या. कचेरीवाल्यांना वाटलं, बला टळली. सभेची नोटीस आदल्या संध्याकाळी पोचेल अशी व्यवस्था सुरू झाली. आपा पहाटेच्या एसटीनं यायच्या. एकदा लोह्याला गाडी बंद पडली, तर काळीपिवळीत बसून आल्या आणि सभेत पहिलं वाक्य बोलल्या, "मागचं इतिवृत्त वाचा."

आणि आता आमच्या संघटनेला सुचलेलं शहाणपण ऐका. सत्काराच्या व्यासपीठावरच ठराव येणार आहे: 'वयाचा मान राखून आपांना समितीच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे.' नवे प्रतिनिधीही ठरलेत, नगरसेवकांचे नुकतेच निवृत्त झालेले मेहुणे. शाल, श्रीफळ आणि वर बाहेरचा रस्ता. लाज वाटायला पाहिजे. माझा या ठरावाला विरोध आहे आणि तो मी इथंच छापून ठेवतो.

हे सांगायला मी तणतणत नांदेडला गेलो. आपा भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला सोडायचंच हाय की रे. थकले मी." "पण वाचून सही करणारा कोण हाय, सांग." मी पुन्हा चिडून त्या मेहुण्याला, अध्यक्षांना, सगळ्यांना शिव्या घालायला लागलो. आपांनी मला थांबवलं. "बालाजी, तू लई चिडतोस. चिडणारे लई बघितले मी. तू वाचशील का?"

परतीच्या गाडीत लातूरपर्यंत मी तेच घोळवत आलो. त्याचं उत्तर इथं, सगळ्यांसमोर देतो.

हाव आपा, तुमच्या जागी मी वाचतो. पुढच्या सभेला मी तुमच्या शेजारी बसणार आहे, कुणी नोटीस देवो न देवो. आधी तुम्ही वाचा, मी ऐकतो. मग मी वाचतो, तुम्ही चुका काढा. मी शिकायला मठ्ठ आहे, हे तुम्ही कचेरीत पाहिलेलंच आहे, वेळ लागेल. तेव्हा तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, डोळे आणि गुडघे नीट राहोत. आणि न वाचता मी सही केली, तर माझ्या हातावर फटका मारायला तुम्ही तिथं असा.