फ्रीझरमधली मेहेरबानी

आमचे साडू कुणाला काही देतात, तेव्हा मला घेणाऱ्याची कीव येते. वाक्य जरा कडक झालं असेल, पण खोडावंसं वाटत नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना घरीदारी सगळे साहेब म्हणतात. म्हणजे सगळ्यांनी तसं म्हणावं, अशी व्यवस्था त्यांनीच केली. एका मोठ्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. माल मालकाचा, मागणारा त्याच कारखान्याचा कामगार, पण एक नट-बोल्ट देतानाही साहेबांचा चेहरा असा, की जणू बायकोच्या अंगावरचा दागिना उतरवून देताहेत. समोरच्याने 'मेहेरबानी साहेब' म्हटल्याशिवाय तो नट त्यांच्या चिमटीतून सुटत नसे. निवृत्त झाले, स्टोअरची खिडकी गेली आणि साहेबांचा जीव पाण्याबाहेरच्या मासोळीसारखा झाला. द्यायलाच काही उरलं नाही, तर उपकार करायचे कशाचे?

तशात त्यांनी कुणाच्या तरी घरी फळांचे छोटे विलायती 'पाय' पाहिले. मैदा आणि लोण्याची पारी फॉइलच्या वाटीत बसवायची, आत फळं भरायची, वर पारीचंच झाकण ठेवून काट्याने कडा दाबायच्या. माणशी एक, वाटीएवढा. कच्चाच गोठवायचा आणि वाटेल तेव्हा ओव्हनमध्ये भाजायचा. चव कशी होती ते साहेब कधी बोलले नाहीत. त्यांना आवडली ती सोय. उपकार करून ठेवायचा, गोठवायचा, आणि गरज पडेल तसा एकेक काढायचा. त्यांनी लगेच एक डीप फ्रीझर आणला आणि तो बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या शेजारी मांडला. येणाऱ्याला दिसायला हवा ना.

आमच्या घरी पहिला नजराणा आला, तेव्हा बायको दारातूनच ओरडली, "अहो, साहेबांचे पाय आलेत!" साहेब स्वतःच आले असं वाटून मी घाईघाईने शर्ट चढवला.

साहेब सगळीकडे सांगत, "मी स्वतः करतो. या हातांनी." हात त्यांचेच होते, हे खरं. त्या हातांनी ते काट्याने कडा दाबत आणि वर चिकटवायच्या चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहीत, 'वितळू न देता थेट ओव्हनमध्ये ठेवावे. साहेबांकडून सप्रेम.' बाकीचं सगळं ताई करायची. ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी. बाजारात जाऊन घट्ट, आंबटसर सफरचंदं आणि प्लम निवडून आणायची, सोलायची, चिरायची. आदल्या संध्याकाळी साखर घालून फळं मुरायला ठेवायची. सकाळी सुटलेला रस गाळून, आटवून, कॉर्नफ्लोअर लावून पुन्हा फळांत मिसळायची. फळं साखरेत मुरत, तेव्हा साहेब खाली सोसायटीच्या ऑफिसात खुर्ची अडवून बसलेले असत. सकाळी चहा पिऊन स्वयंपाकघरात येत, तोवर ताईने पाऱ्या लाटून वाट्यांत बसवलेल्या आणि भरलेल्या असत. मग साहेब एप्रन बांधत. तो एप्रन कायम स्वच्छ असायचा. ताईच्या गाऊनवर मात्र प्लमचे डाग.

"अगं, झाकणं जरा पातळ लाटत जा. माझ्या कडा नीट बसत नाहीत."

"मग तुम्हीच लाटा की."

"लाटणं हे काय काम आहे? फिनिशिंगमध्ये सगळं असतं."

वाटपाच्या दिवशी बर्फाची पेटी उचलायला मी. मला 'नाही' म्हणता येत नाही, हे साहेबांना माझ्या लग्नात एकदा कळलं ते कळलं. ते मला 'धाकटे' म्हणतात. "धाकटे, उचला पेटी. सांभाळून, आपटाल." आणि स्वतः पुढे, हात मागे बांधून.

घरंही हिशोबाने निवडलेली. उद्या दात दुखेल म्हणून दातांचे डॉक्टर. उद्या भांडण होईल म्हणून खालच्या मजल्यावरचे वकील. उद्या चेक अडेल म्हणून बँकेचे मॅनेजर. लिफ्ट बंद पडते म्हणून लिफ्टचा मेकॅनिक. आणि वॉचमन, कारण तो उठून उभा राहतो. वॉचमनकडे ओव्हन नाही. साहेबांनी ते कधी विचारलंही नाही. मला एकदा दिसलं, तो गोठलेला पाय फडक्यात गुंडाळून सुजलेल्या गुडघ्यावर धरून बसला होता. मला बघून म्हणाला, "काका, बर्फापेक्षा हा बरा. ओघळत नाही." साहेबांच्या साऱ्या दानधर्मातून कुणाचं खरंखुरं भलं झालं असेल, तर ते त्या गुडघ्याचं.

गेल्या वर्षी साहेबांच्या लेकीला दिवस गेले. ती दुसऱ्या गावी असते, नोकरी करते. नवराही नोकरीचा, सासू नाही. तिने आईला सांगितलं, "आई, तू ये आणि मी कामावर परत जाईपर्यंत राहा." ताईला हे इतकं हवं होतं, की ती आमच्याकडे येऊन फक्त बाळाच्या टोपड्याची लोकर दाखवून गेली. जायचं पक्कं म्हणायची सोय नव्हती. साहेबांना विचारायचं बाकी होतं ना.

साहेबांनी परवानगी दिली, तीही नट-बोल्टसारखी. "जा. बाळंतपण उरक आणि ये. पुढे प्लमचा मोसम आहे. लोक वाट बघतात."

"कोण लोक?" ताईने विचारलं.

"कोण म्हणजे? सगळे! तुला बाहेरचं काय कळतंय."

ताई गेली. मुलगी झाली. साहेब आजोबा झाले, म्हणजे त्यांना वाटण्यासाठी एक निमित्त मिळालं. ताईला परत यायला अवकाश होता आणि फ्रीझर रिकामा. साहेब म्हणाले, "त्यात काय मोठंसं? इतकी वर्षं मीच तर करतोय." आणि त्यांनी खरोखरच एकट्याने पाय केले. पारी बेकरीतून तयार आणली. बाजारातून प्लम आणले, चिरले आणि थेट वाटीत भरले. साखर घालायची असते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आयुष्यभर त्यांच्यासमोर फळं आली ती मुरलेली, गोड, तयार. फळं जात्याच तशी असतात, अशी त्यांची समजूत. कडा मात्र झकास दाबल्या होत्या.

आमच्या वाट्याचा पाय बायकोने भाजला. पहिला घास घेतला आणि तिचा एक डोळा आपोआप मिटला. माझ्या दातांना झिणझिण्या आल्या.

"अहो, हे काय आहे?"

"साखर विसरले वाटतं."

"विसरले? एवढं आंबट पोटात गेलं तर पोटातला जंत नाचेल. सांगा त्यांना."

"मी सांगू?"

"नाही, मीच सांगते. तुम्ही बसा पेटी उचलत."

पण तिनेही सांगितलं नाही. मला वाटलं, कुणीतरी सांगेलच. एवढे जण आहेत.

आठवडाभराने साहेब मला घेऊन फेरीला निघाले. त्याला ते 'चौकशी' म्हणतात. पाय दिले की कौतुकाची वसुली करायला ते स्वतः जातात. मी मागून चालत होतो आणि मनातून घाबरलो होतो.

दातांचे डॉक्टर म्हणाले, "साहेब, अप्रतिम! नुसता मध."

वकीलसाहेब म्हणाले, "आमच्या हिने तर चाटूनपुसून खाल्ला. यंदा जरा जास्तच गोड झालेत, पण छान."

बँकेच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "मुलांनी भांडून खाल्ला हो. आणखी आहेत का, विचारत होती."

मी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिलो. पापणी हलत नव्हती. शिकलेसवरलेले, इस्त्रीचे कपडे घातलेले लोक, आणि इतक्या सराईतपणे थापा मारणारे. इतकी वर्षं हे सगळे पाय कचऱ्याच्या डब्यात गेले असणार किंवा फ्रीझरच्या तळाशी दगड होऊन पडले असणार, आणि यांची जीभ मात्र दरवर्षी गोड. साहेबांची मला चीड होती. त्या दिवशी या बाकीच्यांचीही किळस आली. जसा देव तसे पुजारी.

साहेब तरंगतच घरी आले. आल्या आल्या त्यांनी ताईला फोन लावला आणि मला ऐकू जावा म्हणून स्पीकर चालू केला.

"अगं, ऐक. यंदाचे पाय मी एकट्याने केले. लोक काय म्हणतात माहितीय? दरवर्षीपेक्षा छान! तुझं फार कौतुक होतं ना तुला, तुझ्यावाचून होत नाही म्हणून? झालं की नाही? ते जाऊ दे. आता तिथे पुरे झालं. प्लमचा मोसम चालू आहे. मोठा घाणा काढायचाय. कधी निघतेस?"

मागे बाळ रडत होतं. ताईने त्याला थोपटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "अहो, पण लेक अजून कामावर गेली नाहीये."

"बाळं काय, सगळ्यांनाच होतात. तू नव्हतं सांभाळलंस एकटीने?"

"सांभाळलं होतं ना. म्हणून तर तिला एकटीला टाकवत नाही."

"हे बघ, मी लोकांना शब्द दिलाय."

नेहमीच्या स्वयंपाकघरातल्या आवाजात ताईने विचारलं, "साखर किती घातली होतीत?"

"साखर?" साहेब माझ्याकडे बघून हसले. "प्लममध्ये साखर कशाला? फळं गोडच असतात."

ताईने बाळाला लेकीकडे दिल्याचं ऐकू आलं.

"तिथे भाऊजी आहेत का?" ताईने विचारलं.

साहेबांनी फोन माझ्यापुढे धरला. "आहेत की. विचार त्यांनाच."

"भाऊजी, तुम्ही खाल्लात?"

"हो, ताई."

"कसा होता?"

साहेब माझ्याकडे बघत होते. त्या नजरेपुढे मी कितीतरी वेळा 'छान' म्हटलं आहे. पण पलीकडे ताई होती, आणि तिला काय हवंय ते मला माहीत होतं. मी म्हणालो, "खाववला नाही, ताई. फार आंबट. साखरच नव्हती."

"आणि बाकीचे गोड म्हणाले?"

"मध म्हणाले."

ताई हसायला लागली. ती अशी हसलेली मी कधी ऐकली नव्हती. श्वास घ्यायला थांबे, पुन्हा हसे. मागून लेक विचारत होती, "आई, काय झालं? आई?"

"अगं बाई," ताई कशीबशी म्हणाली, "म्हणजे कुणी खातच नाही! मी इतकी वर्षं कुणासाठी सोलत होते हो? माझी बोटं काळी पडायची, आणि खाणारा एक नाही!"

"काहीतरीच काय बोलतेस!" साहेब ओरडले. "डॉक्टर खोटं बोलतील?"

"डॉक्टरांनाच विचारा. आणि ऐका, मी येत नाही. बाळ रांगायला लागू दे, लेक कामावर रुळू दे. मग माझं मी बघेन कधी यायचं ते. तुमचं माझ्यावाचून छान होतंय ना? मग करा."

तिने फोन ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा साहेबांच्या आधी तिने फोन ठेवला असेल.

साहेबांनी खरंच डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, खरं सांगा, पाय गोड होता?"

"साहेब, शपथेवर सांगतो, साखरेला लाजवील!"

साहेबांनी फोन खाली ठेवला. न मागितलेली ती शपथ त्यांनाही खटकली असावी. त्यांचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. क्षणभर वाटलं, आता या माणसाला कळून चुकलं. पण ते उठले, फ्रीझरमधून एक पाय काढला, ओव्हनमध्ये ठेवला आणि तो भाजला जाईपर्यंत ओव्हनसमोर उभे राहिले. मग टेबलाशी बसून चमच्याने खाऊ लागले. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याला गालाचे स्नायू उडाले. त्यांनी सगळा पाय संपवला, वाटीच्या कडा खरवडल्या, तोंड पुसलं आणि म्हणाले, "उत्तम आहे. धाकटे, तुमच्या जिभेला चव नाही."

एखादा माणूस एवढा मोठा मूर्ख असू शकतो आणि तेही इतक्या चिकाटीने, याचं मला नवल वाटलं. थोडी कीव आली असेल. ती फार वेळ टिकली नाही.

दोन-चार दिवसांनी ताईने बायकोला आपले गरम कपडे आणि लोकरीची पिशवी बसने पाठवायला सांगितलं. मी ते न्यायला साहेबांकडे गेलो. त्यांनी कपाट उघडून दिलं, सामान बांधताना बाजूला उभे राहिले आणि मी निघालो तशी गोठलेल्या पायांची एक पिशवी माझ्यापुढे धरली.

"हे बसच्या ड्रायव्हरला द्या. म्हणावं, साहेबांनी दिलेत. सामान नीट नेईल."

"नको," मी म्हणालो. "तो तसंच नीट नेईल."

पिशवी त्यांच्या हातात तशीच राहिली. मी ताईचं सामान उचललं आणि जिना उतरलो.